वॉर्डातली नासाडी थांबवायची तर आधी मावशींना विचारा

ड्रेसिंगची ट्रॉली खाटेजवळ थांबते. सिस्टर ग्लोव्हजचं पाकीट फोडतात, कागदी वेष्टन ट्रॉलीला अडकवलेल्या पिवळ्या पिशवीत जातं. मग गॉजचं पाकीट, मग सिरिंजचं प्लास्टिक, मग चिकटपट्टीचं रिकामं रीळ. जखमेवरचा रक्ताळलेला कापूस सगळ्यात शेवटी पडतो. पाच मिनिटांत पिशवीत गेलेल्या पाच-सहा वस्तूंपैकी जाळायलाच हवी अशी एकच, पण जळणार सगळ्या. कारण एवढंच, की ट्रॉलीला दुसरी पिशवी अडकवायला हुक नाही. ही गोष्ट कुठल्याही समितीच्या इतिवृत्तात येत नाही. ट्रॉली ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला मात्र ती रोज दिसते.

रुग्णालयातल्या नासाडीची खरी माहिती अशीच वॉर्डावॉर्डात विखुरलेली असते: मावशींकडे, सफाई कामगारांकडे, ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) टेक्निशियनकडे, रात्रपाळीच्या सिस्टरकडे. ती गोळा करून कामाला कशी लावायची, हे पुढे दिलं आहे. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयोएवढं मोठं रुग्णालय असो, नाहीतर धंतोलीतलं वीस खाटांचं, रीत तीच. माणसांची संख्या तेवढी बदलते.

माणसं कोणती, आणि कधी बसायचं

एकच वॉर्ड निवडा. संपूर्ण रुग्णालयाची मोहीम एकदम काढू नका. ५ जूनला, पर्यावरण दिनी, झाडं लागतात, फोटो निघतात आणि जुलैत वॉर्ड होता तसाच असतो. साधारण तीस खाटांचा, कामाचा ताण मध्यम असलेला, इन्चार्ज सिस्टर उत्साही असलेला वॉर्ड घ्या. अतिदक्षता विभाग पहिल्या फेरीत घेऊ नका. तिथे चूक महागात पडते आणि माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

गटात सहा-सात जण पुरेत: एक स्टाफ सिस्टर, एक मावशी, एक वॉर्डबॉय, एक सफाई कामगार, इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर, स्टोअरकीपर आणि इलेक्ट्रिशियन. शेवटचे दोघे हमखास विसरले जातात आणि मग सगळं अडतं. वॉर्डाने हूक मागितला तर तो देणार स्टोअर, आणि पंख्याचं बटण वेगळं करून मागितलं तर करणार इलेक्ट्रिशियन. दहा-वीस खाटांच्या रुग्णालयात तिघं चालतील: सिस्टर, मावशी आणि खरेदी बघणारी व्यक्ती.

नवी समिती स्थापन करण्याची गरज नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त खाटा असलेल्या रुग्णालयात कचरा व्यवस्थापन समिती असावीच लागते आणि ती दर सहा महिन्यांनी बसावी लागते. वॉर्डातल्या दोघांना, त्यातही एका मावशीला किंवा सफाई कामगाराला, त्या समितीत बसवा. सरकारी रुग्णालयात २०१५ पासून ‘कायाकल्प’ या स्वच्छतेच्या सरकारी योजनेचं मूल्यमापन होतं. त्यात कचरा व्यवस्थापन आणि संसर्ग नियंत्रणाला गुण असतात. तेव्हा हे ‘जास्तीचं काम’ म्हणून न मांडता त्याच फाइलमध्ये घ्या. अधीक्षकांची सही लवकर मिळते.

बैठक दुपारी पावणेदोन ते सव्वादोन. सकाळची पाळी निघायची असते आणि दुपारची आलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजू सापडतात. ही वेळ ड्यूटीतच धरली पाहिजे. ‘ड्यूटी संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा’ असं म्हटलंत की ज्यांना कामठीची किंवा हिंगण्याची बस गाठायची आहे त्या मावशी पहिल्या दिवशी येतील, दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. कंत्राटी कामगारांसाठी ठेकेदाराच्या सुपरवायझरला आधी लेखी कळवा. नाहीतर बैठकीतला अर्धा तास त्यांच्या हजेरीतून कापला जातो आणि त्यांचा विश्वास कायमचा जातो. रात्रपाळीसाठी वॉर्डात एक वही ठेवा, आणि ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप घ्या.

विचारायचं कसं

‘पर्यावरणासाठी आपण काय करू शकतो?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात: प्लास्टिक कमी करा, झाडं लावा, वीज वाचवा. त्यातून काही हाती लागत नाही. हे विचारा:

आज कोणती वस्तू न वापरता फेकली? कोणतं पाकीट फोडलं की त्यातलं अर्धं सामान वाया जातं? कोणतं सामान इतकं हलकं आहे की एकाऐवजी तीन लागतात? कोणता दिवा, पंखा किंवा नळ बंद करावासा वाटतो पण करता येत नाही? आणि कोणत्या नियमामुळे नासाडी होते असं तुम्हाला वाटतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नाही, थांबून राहा. तिथेच बऱ्याच वेळा मोठी गोष्ट सापडते. उदाहरणार्थ, कोणीतरी कधीतरी काढलेला आदेश, की दर पाळीला सगळ्या पिशव्या बदलायच्या, रिकाम्या असल्या तरी.

डॉक्टर बोलल्यावर मावशी बोलत नाहीत, हे गृहीत धरा. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी सफाई कामगार, मग मावशी आणि वॉर्डबॉय, मग सिस्टर, डॉक्टर शेवटी. त्याहून चांगलं म्हणजे बैठकीच्या खोलीत न विचारता कचऱ्याच्या डब्याजवळ उभं राहून विचारा. खोलीत गप्प असलेल्या मावशी डब्याजवळ सांगतात, ‘‘ताई, निळा डबा त्या कोपऱ्यात ठेवला, इंजेक्शनं इथं देतात. रिकामी शिशी घेऊन तिथपर्यंत कोण जाईल?’’ डब्याची जागा चुकली आहे, हे शोधायला आणखी सर्वेक्षण लागत नाही.

सात दिवस वजन

काही बदलण्याआधी सात दिवस फक्त मोजा. पन्नास किलोचा डिजिटल लटकता काटा घ्या, कचरा ठेवण्याच्या खोलीत पक्क्या हुकाला टांगा. तोंड बांधलेली प्रत्येक पिशवी काट्याला अडकवायची आणि रंग, वजन, पाळी लिहायची. वजन करणाऱ्याला जाड रबरी हातमोजे, मास्क, प्लास्टिकचा एप्रन आणि गमबूट हवेतच. कचरा नेणारी गाडी बारकोडवर रुग्णालयाचं वजन नोंदवतेच, पण त्यातून वॉर्ड कळत नाही. सुक्या कचऱ्याचंही वजन घ्या. पिवळी पिशवी खरोखर हलकी झाली की कचरा फक्त दुसरीकडे गेला, हे त्याशिवाय समजणार नाही.

आकडा ‘दर रुग्णामागे दर दिवशी किती ग्रॅम’ असा काढा. समजा, २४ रुग्ण असताना पिवळ्या पिशव्या दिवसाला १२ किलो भरल्या, तर रुग्णामागे ५०० ग्रॅम. रुग्णसंख्या रोज बदलते, म्हणून नुसते किलो फसवतात. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्ड भरला की वजन वाढणारच, त्यात कोणाची चूक नसते.

आत काय आहे ते बघण्यासाठी बांधलेली पिशवी कधीही उघडू नका आणि हाताने निवडू तर अजिबात नका. चुकून पडलेली एक सुई हिपॅटायटिस बी देऊ शकते. त्याऐवजी पिशवी बांधण्यापूर्वी वरून डोकावून बघा. दिवसातून तीनदा, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री नऊ. वर दिसणाऱ्या चुकीच्या वस्तूंवर यादीत खूण करायची: वेष्टन, जेवणाचं उरलेलं, बिस्किटाचा कागद, सलाइनची बाटली, सिरिंज. आठवड्यात एकवीस वेळा बघून झालं की चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आरोग्यसेवेतला जवळपास ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो, घातक फक्त १५ टक्के. तुमच्या वॉर्डात पिवळ्या-लाल पिशव्यांचं वजन एकूण कचऱ्याच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर साधा कचरा तिकडे चालला आहे असं समजा.

पहिला बदल: डबे आणि ट्रॉली

रंगांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी वॉर्डात चुकतो. थोडक्यात असा: रक्त-पू लागलेला कापूस, बँडेज, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात, सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या, कॅथेटर, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज लालमध्ये, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या पारदर्शक डब्यात, काचेच्या शिश्या आणि अँप्यूल निळ्यात. पिवळं भट्टीत जाळतात. लाल ऑटोक्लेव्ह करून, तुकडे करून पुनर्वापराला जातं. म्हणून लाल पिशवीतली वस्तू पिवळ्यात गेली की दुहेरी नुकसान: पुन्हा कामी येणारं प्लास्टिक जळतं, आणि ते पीव्हीसी असेल तर धुरात डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं जातात.

बदल असे करा. ड्रेसिंग आणि इंजेक्शनच्या प्रत्येक ट्रॉलीला स्वच्छ वेष्टनांसाठी वेगळी छोटी पिशवी, आणि ती सिस्टरच्या ज्या हाताला पाकीट फोडलं जातं त्या बाजूला. सिस्टरनेच जागा दाखवायची, इलेक्ट्रिशियन किंवा सुतार हूक बसवेल. सुई तोडणारा नीडल कटर ट्रॉलीवरच हवा, नर्सिंग स्टेशनवर नाही. सुई घेऊन दहा पावलं चालावं लागलं की ती वाटेत टोपणात परत जाते, आणि टोचतं नेमकं तिथेच. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. पिवळा डबा खाटांच्या मधून काढून ड्रेसिंगच्या जागी न्या, कारण खाटेजवळ असला की नातेवाईक त्यात संत्र्याची सालं टाकतात. त्यांच्यासाठी दाराशी ओला आणि सुका असे दोन डबे ठेवा, वर चित्रं लावा. हिंदी, मराठी, छत्तीसगढी बोलणारे सगळे रुग्ण येतात, मजकूर कमी वाचला जातो.

ब्लीचबद्दलही इथेच बोललं पाहिजे. भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यावर आधी रसायन टाकायचं नाही, असा नियम आहे. प्रयोगशाळेचा, सूक्ष्मजीवांचा आणि अतिसंसर्गजन्य कचरा हा अपवाद. तरीही कित्येक वॉर्डांत ड्रेसिंग आधी हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या द्रावणात, भिजवतात, मग ओलं, जड होऊन ते पिवळ्यात जातं. विचारलं तर उत्तर येतं, ‘‘आधीच्या सिस्टरांनी सांगितलं होतं.’’ सांडलेल्या रक्तासाठी १ टक्का द्रावण हवं: बाजारातलं ५ टक्क्यांचं २०० मिली आणि पाणी ८०० मिली. अंदाजाने ओतण्यापेक्षा दोन खुणा केलेला मग मावशींच्या हाती द्या. खप त्यानेच कमी होतो. द्रावण रोज नवीन. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेला कॅन दिवसागणिक निकामी होतो, कारण उष्णता आणि उजेड दोन्ही हायपोक्लोराइटची ताकद खातात. कॅन सावलीत, बंद कपाटात, आणि टॉयलेटच्या अ‍ॅसिडपासून लांब. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कचरा नेण्याचे पैसे तुम्ही खाटांवर भरत असाल तर पिशव्या हलक्या झाल्या म्हणून बिल कमी येणार नाही. किलोवर भरत असाल तर येईल. करार बघितल्याशिवाय वॉर्डाला ‘पैसे वाचतील’ असं आश्वासन देऊ नका.

ग्लोव्हज: इथे फार जपून

ग्लोव्हज कमी करा म्हटलं की पहिली कात्री सफाई कामगाराच्या हातावर चालते. हे होऊ द्यायचं नाही. त्यांचे जाड, कोपरापर्यंतचे हातमोजे वाढवा, कमी करू नका. कमी करायचे ते तपासणीचे पातळ ग्लोव्हज, आणि तेही जिथे गरजच नाही तिथले: रक्तदाब आणि तापमान घेणं, तोंडी औषध देणं, खाट किंवा स्ट्रेचर ढकलणं, फोन उचलणं, फाइल लिहिणं. त्वचा धड असेल तर साध्या लसीला किंवा स्नायूतल्या इंजेक्शनलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ग्लोव्हज लागत नाहीत. हात स्वच्छ हवेत. शिरेतून रक्त घेताना, जखम, लघवी, शौच हाताळताना मात्र लागतातच.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१८ मध्ये परिचारिकांनीच अशी मोहीम चालवली आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक कमी लागलं. ती चालली, कारण प्रश्न ‘ग्लोव्हज वाचवा’ असा नव्हता, ‘हात कधी धुवायचे’ असा होता. ग्लोव्हज घातले की हात धुणं राहून जातं, हा अनुभव प्रत्येक सिस्टरला आहे.

आपल्याकडे आधी सॅनिटायझर भरून ठेवा. प्रत्येक खाटेच्या पायाशी बाटली नसेल तर ही मोहीम सुरूच करू नका. मग दर आठवड्याला स्टोअरमधून वॉर्डात आलेले ग्लोव्हजचे डबे मोजा आणि रुग्णसंख्येने भागा. डबा खिशात टाकून नेण्याचा प्रकार असतो. तो आकड्यात दिसेल, पण त्यावरून झडती सुरू झाली की गट मोडला समजा.

भिंतीतून येणारा आवाज

रुग्ण सोडला गेला, मास्क काढला, पण भिंतीवरचा ऑक्सिजनचा फ्लोमीटर तसाच चालू. मिनिटाला ५ लिटर म्हणजे तासाला ३०० आणि चोवीस तासांत ७,२०० लिटर. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. म्हणजे विसरलेला एक फ्लोमीटर दिवसाला एक सिलिंडर खातो. २०२१ च्या एप्रिलमध्ये शहराने एकेका सिलिंडरसाठी काय धावपळ केली, ते वॉर्डातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

हे काम वॉर्डबॉयचं करा. चादर बदलली की फ्लोमीटर शून्यावर, ही एक सवय. रात्री अकराच्या पुढे, पंखे कमी असताना, प्रत्येक आउटलेटजवळ कान देऊन फेरी मारायची. फुस्स आवाज आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे आणि वहीत खाटेचा नंबर लिहायचा. दुरुस्ती फक्त गॅस पाइपलाइनच्या टेक्निशियनने करायची. ज्या रुग्णाला ऑक्सिजन सुरू आहे त्याचा प्रवाह कोणीही स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही. ते डॉक्टर-सिस्टरच ठरवतील.

शस्त्रक्रियागृहात हाच विचार भुलीच्या वायूंना लावावा लागतो, पण तिथे पुढाकार भूलतज्ज्ञांचा. डेसफ्लुरेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजारपट तापमान वाढवतो, सेव्होफ्लुरेन त्याच्या मानाने खूपच कमी. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेनचा वापर अपरिहार्य कारणापुरता ठेवला आहे. ओटी टेक्निशियन इथे एक सोपं काम करू शकतो: महिन्यात नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचे किती सिलिंडर जोडले आणि भुलीच्या नोंदींप्रमाणे किती वायू लागला, यांचा ताळा. फरक मोठा असेल तर पाइपलाइन गळते आहे.

उन्हाळा: नागपूरचा खरा पेपर

पारा पंचेचाळिशीला टेकतो, नवतपा येतो आणि वरच्या मजल्यावरचा वॉर्ड तव्यासारखा होतो. अशा वेळी ‘एसी बंद करा’ सांगणारा माणूस वॉर्डाच्या मनातून उतरतो, आणि बरोबरच आहे. रुग्णाच्या आणि कर्मचाऱ्याच्या गारव्याला हात न लावता काय वाचतं, तेवढंच बघा.

कूलर बघा. समोरची खिडकी बंद असेल तर कूलर गारवा देत नाही, दमटपणा देतो. हवा आत येते तशी बाहेर जायला वाट हवी. रात्रपाळीच्या सिस्टर डासांसाठी खिडक्या लावतात. तिथे जाळी बसवली की दोन्ही प्रश्न सुटतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास रुग्णालयातच वाढतील. हा दिवस ठरलेला हवा आणि नाव लिहिलेलं हवं. छतावर मार्चमध्ये पांढरा परावर्तक रंग द्या. साधा चुना स्वस्त पडतो, पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो.

एसी २४ अंशांवर. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. वर पंखा हळू चालू ठेवला तर २४ ला कोणी कुरकुरत नाही. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. तीस पंखे वीस तास चालले तर रोज २७ युनिट वाचतात. आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या ज्यांच्या घरातून दिसतात त्या कर्मचाऱ्यांना हा हिशेब लगेच पटतो.

आता बटणं. ‘दिवे बंद करा’ ही पाटी कोणी वाचत नाही, कारण कोणतं बटण कशाचं ते माहीत नसतं, आणि चुकून फ्रिज बंद झाला तर? तीन रंगांच्या टिकल्या लावा. लाल: कधीही बंद करायचं नाही, म्हणजे लसींचा खास फ्रिज (आयएलआर), औषधांचा फ्रिज, मॉनिटर, व्हेंटिलेटर. पिवळी: सिस्टरला विचारून. हिरवी: शेवटी निघणाऱ्याने बंद करायचं. टिकल्या इलेक्ट्रिशियन आणि इन्चार्ज सिस्टर दोघांनी मिळून, प्रत्येक बटण दाबून बघत लावायच्या. एकट्या इलेक्ट्रिशियनला फ्रिजमध्ये काय आहे ते ठाऊक नसतं. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. एक चुकीची टिकली वर्षभराच्या वीजबचतीपेक्षा महाग पडते. ओपीडी दुपारी संपते, तिथे हिरव्या टिकल्या सर्वांत जास्त कामाला येतात. ऑपरेशन थिएटरचं एअर हँडलिंग युनिट मात्र रात्री पूर्ण बंद करायचं नाही. ब्लोअर चालू राहतो, थंडावा थांबवता येतो. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी बसवला असेल तर वेगही कमी होतो.

डायलिसिसचं पाणी

एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलीप्रमाणे चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते तयार करताना आरओ यंत्र भरपूर पाणी बाहेर टाकतं. किती, ते टेक्निशियनने वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मोजावं. हे पाणी रुग्णाला स्पर्शलेलं नसतं, फक्त क्षार जास्त असतात. संडासाच्या टाकीला, फरशीला उत्तम. कूलरला मात्र वापरू नका: क्षार जमून खस आणि वुडवूलच्या जाळ्या दगडासारख्या होतात, पंप जातो. उन्हाळ्यात मोह होतोच. आणि डायलिसिसच्या यंत्रातून निघणारं वापरलेलं पाणी (डायलिसेट) वेगळं, ते सांडपाण्यातच जाणार. दोन पाइप वेगळ्या रंगाचे ठेवा, कधीही जोडू नका.

खरेदीत वॉर्डाचं तोंड

हेल्थ केअर विदाउट हार्म या संस्थेने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजात जगाच्या एकूण उत्सर्जनातला ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा, आणि त्यातला ७१ टक्के पुरवठ्याच्या साखळीतला. म्हणजे बराचसा भाग वस्तू वॉर्डात येण्याआधीच झालेला असतो. तरी टेंडरच्या टेबलाजवळ ती वस्तू वापरणारं कोणी बसत नाही.

‘हलकं सामान’ अशी एक वही वॉर्डात ठेवा. चिकटपट्टी घामाने सुटते, कॅन्युलाची टोपी गळते, पिशवीची शिवण फाटते म्हणून दोन लावाव्या लागतात. तारीख, बॅच नंबर, किती वाया गेले, एवढंच लिहायचं. नवी मागणी काढताना स्टोअरकीपरने ही वही समोर ठेवायची. स्वस्त चिकटपट्टी तीन लागली की ती स्वस्त राहत नाही, आणि हे हिशेबतपासनिसालाही पटतं. तयार किटमधली कोणती वस्तू कायम उरते तेही लिहा. पुढच्या ऑर्डरमध्ये ती वगळता येते. औषधं मुदतीच्या क्रमाने वापरा, तीन महिन्यांत संपणाऱ्यांची यादी दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्या वॉर्डांना पाठवा. एका वॉर्डात पडून असलेलं इंजेक्शन दुसरीकडे बाहेरून आणायला सांगितलं जात असतं.

टिकवायचं कसं

आलेल्या प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर. ‘नाही’ असेल तरी कारणासकट. सूचना केली आणि काही कळलंच नाही, असं दोनदा झालं की मावशी तिसऱ्यांदा बोलत नाहीत. जी गोष्ट झाली ती वॉर्डाच्या फळ्यावर, सुचवणाऱ्याच्या नावासकट, त्याला चालत असेल तर. फळ्यावर दोनच आकडे: या आठवड्याचे ग्रॅम आणि मागच्या आठवड्याचे.

दंड नको. लाल पिशवीत सुई सापडली तर कोणी टाकली याचा शोध घेऊ नका. डबा कुठे होता, कटर चालू होता का, हे बघा. दंड सुरू झाला की सुई टोचल्याचंही कोणी सांगत नाही. सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, जखम दाबायची नाही, ब्लीच लावायचं नाही, आणि शक्यतो दोन तासांत, फार तर बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषधासाठी पोहोचायचं. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस कंत्राटी कामगारांनाही द्यावी लागते. गटाच्या पहिल्याच बैठकीत ती कोणाची राहिली आहे ते विचारा. स्वतःच्या सुरक्षेबद्दल विचारलं गेलं की बाकीच्या प्रश्नांना उत्तरं मोकळेपणाने मिळतात.

बचत दिसली तर थोडी वॉर्डाला परत द्या, आणि काय हवं ते वॉर्डालाच ठरवू द्या. मागण्या साध्या असतात: रात्रपाळीसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची, मावशींच्या खोलीत पंखा, थंड पाण्याचा माठ.

माणसं बदलतात. इंटर्न दर काही आठवड्यांनी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची तुकडी दर महिन्याला, ठेकेदार करार संपला की. म्हणून नव्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ट्रॉली आणि डब्याजवळ वीस मिनिटं, सभागृहात नाही. नियमाप्रमाणे वर्षातून एकदा प्रशिक्षण द्यावंच लागतं. ते असं वीस-वीस मिनिटांत वाटून द्या आणि रजिस्टरवर सही घ्या. शिकवायला वॉर्डातल्याच मावशींना उभं करा. इंटर्नला त्या सिरिंज कुठे टाकायची ते सांगतात तेव्हा पहिल्या दिवशी तो हसतो. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून विचारतो, ‘‘मावशी, हे कुठे?’’

तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस वजन घ्या, त्याच काट्यावर, त्याच खोलीत. शक्य तर पहिलं मोजमाप ज्या ऋतूत झालं त्याच ऋतूत पुढच्या वर्षीही. मग दुसरा वॉर्ड. तिथे जाताना पहिल्या वॉर्डातून एक मावशी आणि एक वॉर्डबॉय पंधरा दिवस रोज एक तास ड्यूटीतून मोकळे करून न्या, आणि ट्रॉलीला हूक कुठे हवा ते आधी त्यांना दाखवू द्या.